गुडघ्याची नोंद

संभाषण तीन ओळींचं आहे. माणूस म्हणतो, "पुढच्या तीन महिन्यांसाठी व्यायामाचा आराखडा करून दे." एआय असिस्टंट उत्साहात उत्तर देतो, "तुम्हाला पहाटे धावायला आवडतं, हे माझ्या लक्षात आहे. तेव्हा आठवड्यातून चार दिवस धावण्यापासून सुरुवात करू." त्याखाली माणसाचा एकच शब्द: "गुडघा." मग काहीच नाही. खिडकी बंद झालेली. त्या एका शब्दात राग होता की कंटाळा, हे कळायला मार्ग नाही. पण चार वेळा एकच गोष्ट सांगून दमलेला माणूस पाचव्यांदा जसा बोलतो, तसा तो शब्द वाटतो.

खुपतं ते पुढचंच. असिस्टंटनं त्या माणसाबद्दल साठवलेल्या नोंदी उघडून पाहिल्या तर मार्चची नोंद जागेवर आहे: "रोज पहाटे पाच किलोमीटर धावतो, धावणं आवडतं." ऑगस्टची नोंदही जागेवर आहे: "उजव्या गुडघ्याच्या लिगामेंटला इजा, डॉक्टरांनी सहा महिने पळायला मनाई केली आहे." काही हरवलेलं नाही, पुसलेलं नाही. सगळं ठाऊक असून असिस्टंट त्या माणसाला धावायला पाठवत होता. साफ विसरला असता तर बरं, असं वाटायला लावणारी ही चूक आहे. विसरभोळ्याला माफ करता येतं. "माझ्या लक्षात आहे" असं म्हणून चुकीचं आठवणाऱ्याला माफ करणं जड जातं.

आत काय घडलं ते समजायला अवघड नाही. विचारलेल्या वाक्याचा व्हेक्टर, म्हणजे अर्थ टिपणारी आकड्यांची माळ, झाला, साठवलेल्या प्रत्येक नोंदीच्या व्हेक्टरशी त्याचा कोन मोजला गेला आणि सर्वांत जवळच्या पाच नोंदी प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे असिस्टंटमागच्या भाषा-मॉडेलला वाचायला दिलेल्या मजकुरात, गेल्या. "व्यायामाचा आराखडा" आणि "धावणं आवडतं" हे एकाच आळीत राहतात. लिगामेंट, इजा, डॉक्टर, मनाई ही मंडळी दवाखान्याच्या आळीत. गुडघ्याची नोंद नवव्या क्रमांकावर होती आणि दार पाचव्यानंतर बंद होत होतं. शिवाय "धावतो" आणि "धावू नये" ही वाक्यं एम्बेडिंगला, म्हणजे वाक्याचा व्हेक्टर करणाऱ्या पद्धतीला, बऱ्याचदा सख्खी भावंडं वाटतात. नकार हा अर्थ उलटवणारा शब्द आहे, पण व्हेक्टरला तो हलकासा धक्काच देतो. म्हणजे शोधानं आपलं काम चोख केलं. साम्य मागितलं होतं, साम्य दिलं.

जवळचं आणि लागणारं या दोन गोष्टी वेगळ्या असतात.

माहिती शोधण्याच्या यंत्रणा मोजायची रीत जुनी आहे. १९६०च्या दशकात इंग्लंडमधल्या क्रॅनफिल्डला सिरिल क्लेव्हरडन यांनी विमानशास्त्राच्या १४०० लेखांवर २२५ प्रश्न टाकून पाहिले, कोणता लेख कोणत्या प्रश्नाला उपयोगी ते माणसांकडून ठरवून घेतलं आणि मग यंत्रणेची झडती घेतली. रिकॉल आणि प्रिसिजन आपण आजही त्याच वळणानं वापरतो: उपयोगी होतं त्यातलं किती सापडलं, आणि सापडलं त्यातलं किती उपयोगी होतं. पण तिथला प्रश्नकर्ता आपल्याला काय हवंय ते प्रश्नातच सांगत होता. असिस्टंटच्या स्मृतीत नेमकं हेच नसतं. व्यायामाचा आराखडा मागणारा माणूस "माझा गुडघा लक्षात घे" असं म्हणत नाही. म्हणाला असता तर साठवून ठेवायची गरजच काय होती? ज्याला शोधायचंय त्याचं नावही प्रश्नात नाही, अशा प्रश्नांवर ही यंत्रणा तपासायची आहे. चाचण्या बनवणारे हे विसरतात आणि मग चाचणीत पास झालेला असिस्टंट पहिल्याच आठवड्यात तोंडावर पडतो.

हे विसरण्याची सगळ्यात सोपी चूक चाचणीच्या प्रश्नांतच होते. पाचशे नोंदी मॉडेलला द्यायच्या आणि "प्रत्येकीवर एक प्रश्न तयार कर" म्हणायचं. मॉडेल नोंद समोर ठेवून प्रश्न लिहितं: "माझ्या उजव्या गुडघ्याला काय झालं होतं?" नोंदीतले शब्द प्रश्नात, प्रश्नातले नोंदीत, पहिल्या पाचात रिकॉल अगदी देखणं येतं. त्या आकड्यावर भरवसा ठेवायचा नसतो. खरे प्रश्न लॉगमधून, म्हणजे झालेल्या संभाषणांच्या नोंदवहीतून, काढावे लागतात आणि ते निवडायला माणूस बसवावा लागतो. साठ-सत्तर प्रश्न हातानं वेचले तरी सुरुवात चांगली होते. त्यात थेट प्रश्न थोडेच असावेत. बाकी जागा वाकड्या प्रश्नांना: ज्यात नोंदीचं नाव नाही पण गरज आहे असे, जुनी माहिती बदललेली आहे असे, "मागच्या वेळी ठरलं होतं तसं" सारखे काळाला लटकलेले, दोन-तीन नोंदी जोडल्याशिवाय उत्तर येत नाही असे. आणि निदान पाचवा हिस्सा असा, की ज्यांना कोणतीच नोंद लागत नाही किंवा ज्यांचं उत्तर साठवलेलंच नाही. २०२४ साली आलेल्या लाँगमेमइव्हल या ५०० प्रश्नांच्या चाचणीत माहिती उचलणं, अनेक बैठकी जोडणं, काळाचा हिशेब आणि बदललेली माहिती ओळखणं यांच्या जोडीला उत्तर द्यायचं नाकारणं हेही एक कौशल्य म्हणून मोजलं आहे. हे शेवटचं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, कारण गप्प राहण्याचे गुण कुणी देत नाही म्हणूनच ही यंत्रं इतकी बोलतात.

पन्नास प्रश्नांवर ८० टक्के आले तर त्याचा अर्थ साधारण ६९ ते ९१ यांच्यामध्ये कुठेतरी, इतकाच असतो. एक प्रश्न इकडचा तिकडे झाला की दोन टक्के हलतात. त्यामुळे ७८वरून ८२ झाले म्हणून कुणी आनंदानं सांगत आलं, तर आकडा बाजूला ठेवून यादी मागावी: कोणते प्रश्न चुकीचे होते ते बरोबर झाले आणि कोणते बरोबर होते ते बिघडले? सात सुधारले आणि पाच बिघडले असतील तर तो सुधार नाही, ती अदलाबदल आहे. बिघडलेले पाच एकेक करून वाचले तर त्यांच्यात बहुधा एखादं सूत्र सापडतं. टक्केवारीत ते कधीच दिसत नाही.

चूक नेमकी कुठे झाली, हे न पाहता एम्बेडिंग मॉडेल बदलायला धावणं ही या धंद्यातली जुनी खोड. जखम मांडीला, मलम शेंडीला. आठवण्याच्या वाटेवर चार जागा आहेत: नोंद लिहिलीच गेली नाही; लिहिली पण सापडली नाही; सापडली पण मॉडेलनं वापरली नाही; किंवा वापरली, आणि वापरायला नको होती. वेगळं काढायची युक्ती साधी आहे. बरोबर नोंद हातानं प्रॉम्प्टमध्ये ठेवायची आणि उत्तर बघायचं. तरीही उत्तर चुकलं तर शोधाचा दोष नाही. नोंदीची भाषा, तिची जागा किंवा सूचना तपासा. मधोमध ठेवलेल्या माहितीकडे मॉडेलचं दुर्लक्ष होतं, हे २०२३च्या संशोधनात दिसलं आहे, म्हणून वीस नोंदींच्या गठ्ठ्यात अकराव्या जागी गुडघा ठेवून उपयोग नाही. हातानं ठेवल्यावर उत्तर बरोबर आलं, तर शोधाकडे वळायचं. पण हे सगळं लॉग असेल तरच. शोधाला प्रत्यक्ष गेलेलं वाक्य (ते बहुतेकदा माणसानं लिहिलेलं नसतं, मधल्या एका मॉडेलनं बदललेलं असतं), पहिले पन्नास उमेदवार गुणांसकट, त्यातले प्रॉम्प्टमध्ये गेलेले, त्यांचा क्रम, एम्बेडिंग मॉडेलची आवृत्ती. एवढं लिहून ठेवलं नसेल, तर पुढची सगळी चर्चा म्हणजे अंधारात मारलेले दगड.

गुडघ्याच्या बाबतीत पहिला मोह होतो दार मोठं करायचा. पाचाऐवजी वीस घ्या, नववी नोंद आत येईल. येते. तिच्याबरोबर आणखी चौदा, बहुतेक निरुपयोगी नोंदीही येतात, त्यात "धावणं आवडतं" वेगवेगळ्या शब्दांत पाच वेळा असतं, कारण माणसं आवडीच्या गोष्टी पुन्हा पुन्हा बोलतात आणि दुखण्याबद्दल एकदाच. मॉडेल बहुमताच्या बाजूनं जातं. किती नोंदी घ्यायच्या तो आकडा, म्हणजे के, वाढवण्याआधी एकसारख्या नोंदी एकत्र करायला हव्यात. ते झालं नसेल, तर मोठं दार म्हणजे मोठा गोंगाट.

दुसरा मोह साम्याच्या किमान गुणांचा. "०.७च्या खालचं काही घेऊ नका." हा आकडा एका मॉडेलवरून दुसऱ्यावर नेता येत नाही. ई५ या घराण्यातल्या एम्बेडिंग मॉडेल्सचे गुण बहुतांशी ०.७ ते १.०च्या पट्ट्यातच दाटी करतात, तिथे ०.७ची अट लावली तर सगळंच आत येतं. त्याच मॉडेल्सना प्रश्नाआधी "क्वेरी:" आणि नोंदीआधी "पॅसेज:" हा उपसर्ग लागतो. तो राहून गेला तर काही मोडत नाही, कुठे लाल अक्षरं येत नाहीत, निकाल फक्त थोडे वाईट होतात. या क्षेत्रातल्या बऱ्याच चुका अशाच आवाज न करणाऱ्या असतात. ५१२ टोकनांपुढचा (टोकन म्हणजे शब्द किंवा शब्दाचा तुकडा) मजकूर गुपचूप कापला जाणं हीदेखील त्यातलीच. नोंद एका वाक्याची, एका गोष्टीची ठेवली तर ती भीती उरत नाही, आणि "तो म्हणाला", "काल" असे शब्द लिहितानाच सोडवून घेतले तर आणखी एक भीती जाते. "काल डॉक्टरांकडे गेलो" ही नोंद सहा महिन्यांनीही "काल"च म्हणत राहते.

एम्बेडिंगला नावं, क्रमांक, औषधांच्या मात्रा नीट धरता येत नाहीत, म्हणून शब्दांवर चालणारा शोध जोडीला ठेवतात. बीएम२५ ही त्याची रूढ पद्धत. शब्द किती वेळा आला आणि नोंद किती लांब आहे यांचं वजन ठरवणारे के१ = १.२ आणि बी = ०.७५ हे लुसीन या शोध-सॉफ्टवेअरमधले ठरलेले आकडे. नोंदी एकेका वाक्याच्या असतील तर ते हलवून फारसं हाती लागत नाही. मराठीत खरी अडचण वेगळीच आहे. नोंदीत "गुडघ्याच्या" आहे, प्रश्नात "गुडघा" आहे. शब्दशोधाच्या दृष्टीनं हे दोन अनोळखी शब्द. आपल्या भाषेत विभक्ती लागण्याआधी शब्दच बदलतो, गुडघा, गुडघ्याला, गुडघ्यामुळे, गुडघ्यांवर, आणि मूळ रूपाकडे नेणारी पायरी घातली नसेल तर तो शोध मराठीपुरता जवळजवळ आंधळा असतो. त्यात "दुसऱ्या" हा शब्द दोन प्रकारे टंकता येतो: एक थेट ऱ वापरून, दुसरा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून. डोळ्यांना दोन्ही सारखे. यंत्राला निरनिराळे, आणि एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं सारखी करणारं युनिकोडचं नेहमीचं एनएफसी सामान्यीकरणही त्यांना एक करत नाही. नियम आपल्यालाच लिहावा लागतो. १० आणि दहा, मराठी अंक आणि इंग्रजी अंक, रोमन लिपीत लिहिलेली मराठी, ही पुढची रांग. इंग्रजी प्रश्नांवर जुळवलेली यंत्रणा मराठीत नेऊन "भाषा कठीण आहे" म्हणणाऱ्यांनी आधी ही रांग बघावी.

दोन शोधांच्या दोन याद्या आल्या की एकत्र कशा करायच्या? गुण बेरीज करून चालत नाही, कारण त्यांची मापं वेगळी. म्हणून क्रमांकांवरून बेरीज करतात, प्रत्येक यादीतून १ भागिले (६० + क्रमांक). २००९ साली मांडलेली ही पद्धत अजून टिकून आहे कारण तिला फारसं काही जुळवावं लागत नाही. तिची एक खोड मात्र लक्षात ठेवावी. दोन्ही याद्यांत दहाव्या असलेल्या नोंदीला ०.०२८६ मिळतात, एकाच यादीत पहिल्या, दुसरीत नसलेल्या नोंदीला ०.०१६४. म्हणजे सगळीकडे मधला असलेला, एका जागी अव्वल असलेल्याला मागे टाकतो. विश्वकोशात हे चालेल. औषधाचं नाव फक्त शब्दशोधाला सापडलं असेल तेव्हा चालत नाही. त्यासाठी मागे रीरँकर बसवायचा, जो प्रश्न आणि नोंद एकत्र वाचून पहिल्या पन्नासांची पुन्हा रांग लावतो. तो हळू असतो, पण "धावू नये"मधलं "नये" बऱ्याचदा तोच वाचतो.

जाता जाता एक: पीजीव्हेक्टरसारख्या, डेटाबेसमध्ये व्हेक्टर साठवून शोधणाऱ्या साधनात इंडेक्समधून मुळात ४० उमेदवार येतात आणि "याच माणसाच्या नोंदी" ही गाळणी त्यानंतर लागते. हजार माणसांच्या नोंदी एकाच तक्त्यात असतील तर चाळिसांत विचारणाऱ्याच्या दोनच निघू शकतात, कधी एकही नाही. "असिस्टंटला मी आठवतच नाही" या तक्रारीच्या मुळाशी कधी कधी एवढंच असतं. उमेदवारांची संख्या ठरवणारा ईएफ-सर्च हा आकडा वाढवा, ०.८ आवृत्तीपासूनचा टप्प्याटप्प्यानं पुढे शोधणारा पर्याय चालू करा, किंवा माणसागणिक विभाग पाडा.

यात सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे काळ. जुनी नोंद मागे ढकलली की प्रश्न सुटेल असं वाटतं. २०२३ साली २५ आभासी पात्रांचं एक छोटं गाव उभं करणाऱ्या संशोधकांनी आठवणीचे गुण तीन भागांत मांडले: ताजेपणा, महत्त्व, साम्य. ताजेपणा दर तासाला ०.९९५ पटीनं उतरत जातो. आकडा किती निरागस दिसतो! हिशेब केला तर तो सहा दिवसांच्या आतच निम्म्यावर येतो आणि तीस दिवसांनी ०.०२७ उरतो. काही दिवस चालणाऱ्या गावाला ते ठीक. वर्षानुवर्षं सोबत राहणाऱ्या असिस्टंटला हाच आकडा लावला, तर महिन्याभरापूर्वीचं आणि दोन वर्षांपूर्वीचं सगळं सारखंच शून्य. त्याहून वाईट म्हणजे तिथे तास मोजले जातात ते नोंद शेवटची आठवली तेव्हापासून. म्हणजे चुकून आठवलेली नोंद दर वेळी ताजी होते. धावण्याची नोंद वर येत राहिली, ताजी होत राहिली. गुडघ्याची कधीच वर आली नाही, म्हणून शिळी होत गेली. माणसांचंही थोडंफार असंच होतं, आणि म्हणूनच ते यंत्रात मुद्दाम घालण्यात फारसं शहाणपण नाही. उतरण एकच ठेवू नये. रक्तगट, ॲलर्जी यांना उतरण नाहीच. आवडीनिवडींना काही महिन्यांचं अर्धायुष्य. "या आठवड्यात सादरीकरण आहे" याला दहा दिवस पुष्कळ.

पण गुडघ्याचा इलाज शोधात नव्हताच. तो लिहिण्यात होता. ऑगस्टची नोंद लिहिताना तिच्या जवळच्या आठ-दहा जुन्या नोंदी काढून मॉडेलला विचारायला हवं होतं: ही नवी आहे, जुनीला बदलणारी आहे, की तीच आहे? मग मार्चची नोंद पुसायची नाही. तिला "इथपर्यंत खरी" अशी तारीख लावायची. पुसली तर उद्या कुणी "मी पूर्वी किती धावायचो?" विचारलं की पंचाईत. प्रत्येक नोंदीला दोन तारखा हव्यात, घटना केव्हाची आणि आपल्याला कळली केव्हा. याशिवाय नोंदीबरोबर ती कधी लागेल त्याचे चार शब्दही लिहून ठेवायचे: व्यायाम, ट्रेकिंग, प्रवास, जिने. शोध मग या शब्दांवरही चालतो आणि दवाखान्याच्या आळीतली नोंद व्यायामाच्या आळीतही एक दार उघडते. शारीरिक मनाई, ॲलर्जी यांसारख्या थोड्या नोंदी शोधाच्या भरवशावर न सोडता नेहमीच प्रॉम्प्टमध्ये ठेवायच्या. दहा-पंधरा ओळी. त्याहून जास्त झाल्या की त्याही गोंगाट होतात.

असं सगळं केलं आणि व्यायामाचा आराखडा गुडघ्याला सांभाळून आला. त्यानंतरच्या चाचणीत प्रश्न होता, "दोन दिवसांच्या रजेचा अर्ज लिहून दे." असिस्टंटनं लिहिलं: "गुडघ्याच्या दुखापतीमुळे..."

कुणी विचारलं नव्हतं. माणसाला ते कार्यालयात सांगायचं होतं की नाही, कोण जाणे. रिकॉलच्या तक्त्यात या उत्तरानं काहीही बिघडत नाही. तिथे आठवलं म्हणजे गुण. म्हणून चाचणीतल्या प्रत्येक "आठवायला हवं" प्रश्नाला एक "आठवायला नको" असं भावंड द्यावं लागतं, आणि दोन्ही बरोबर आले तरच जोडीला एक गुण. असं मोजायला लागलं की आकडे खाली येतात, आणि ते कुणालाही सांगायला आवडत नाहीत. भावंडं लिहायला जास्त वेळ जातो, कारण त्यासाठी संकोच म्हणजे काय ते आधी आपल्याला ठरवावं लागतं.

आणि डॉक्टरांनी सहा महिने सांगितले होते. ऑगस्टपासून मोजले तर फेब्रुवारी. फेब्रुवारीनंतर व्यायामाचा आराखडा मागितला तर नोंद काय म्हणते? मनाई संपली, असं नाही. गुडघा बरा झाला, हे कुणी सांगितलेलं नाही. मनाई चालू आहे, असंही नाही. चाचणीच्या तक्त्यात ही ओळ शेवटी घातली. तारीख फेब्रुवारीनंतरची, प्रश्न तोच. पहिल्या फेरीत तपासनीस मॉडेलनं शून्य गुण दिले आणि कारण लिहिलं, "आराखडा दिला नाही." निकष पुन्हा लिहावे लागले. अपेक्षित उत्तराच्या रकान्यात आता एवढंच आहे: "गुडघा आता कसा आहे?"